कापगत्यांच्या बोडीचं अस्तर

गेल्या श्रावणात भिलाईच्या आमच्या हुडको कॉलनीत एक बातमी फिरत होती. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले फकिराभाऊ कापगते घरामागे स्वतःची समाधी खोदून तीत बसले आहेत. सुपेल्याच्या बाजारात पोचेपर्यंत समाधीला संगमरवर लागला आणि फकिराभाऊंनी अन्नपाणी सोडलं. एक अनोळखी बाई नारळ-उदबत्ती घेऊन त्यांच्या दारात आल्या. "बाबाजी दर्शन कितने बजे देते हैं?" फकिराभाऊंच्या पत्नी मथुरावहिनी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पहले बाबाजी लौकी लाएँगे. उसके बाद दर्शन."

ही बातमी मी उठवली नाही. मी फक्त पुढे पाठवली, आणि जाता जाता तिला थोडा संगमरवर लावला असेल. खरी गोष्ट अशी की फकिराभाऊ खड्ड्यात बसले होते हे खरं, डोळे मिटल्यासारखे दिसत होते हेही खरं, पण ते ध्यान करत नव्हते. ते खड्ड्याच्या तळाला गोटे बसवत होते. एकेक. रबरी हातोड्यानं ठोकून.

आता खड्डा कुठून आला ते सांगतो.

कापगते मंडळी मूळची भंडाऱ्यातल्या साकोलीकडची. मथुरावहिनींच्या माहेरी घरामागेच बोडी होती. बोडी म्हणजे शेताकडचं लहानसं तळं, त्यात शिंगाडे, त्यात म्हशी, त्यातच पोरं. लग्न होऊन वहिनी भिलाईला आल्या आणि त्यांच्या वाट्याला बोडीच्या जागी नळ आला, तोही ठरल्या वेळी येणारा. तेहतीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट मागितली. "रिटायर व्हा, अन् मले मागच्या बाडीत एक बोडी खोदून द्या." दुसरी बाई सोन्याचं मागते. फकिराभाऊंनी हो म्हटलं, आणि रिटायर झाल्यावर खरोखरच बाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, दहा फूट लांब, सात फूट रुंद, मांडीभर खोल खड्डा खोदला. माती काळी, चिकट. तिला पाय लावून तुडवलं. काठ गोल केला. इथपर्यंत नवराबायकोत एक शब्द झाला नाही, आणि मला, शेजाऱ्याला, मधल्या भिंतीपाशी उभं राहायचा कंटाळा येऊ लागला होता.

मग फकिराभाऊ म्हणाले, "आता तळाले गिट्टी."

हे का म्हणाले ते समजायला माणूस समजून घ्यावा लागतो. फकिराभाऊंनी अख्खी नोकरी एकाच कामात काढली, लॅडलला आतून विटांचं अस्तर लावायचं. लॅडल म्हणजे वितळलेलं पोलाद भरायची बादली. म्हणायचं बादली, पण तीत आमच्या हुडकोतलं एक स्वैपाकघर भांड्यांसकट मावेल. पोलाद एवढं तापलेलं की अस्तरात एक वीट ढिली राहिली तर ते बादलीच्या तळातून वाट काढतं. तेव्हा फकिराभाऊंच्या आयुष्याचं एकच सूत्र झालं, तळ उघडा ठेवायचा नाही. कशाचाच. त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत वर्तमानपत्राचे दोन थर असतात, वरच्या थराचा सांधा खालच्यावर येणार नाही असे. जेवताना ते आधी पोळी ताटात पसरतात, मग तिच्यावर भाजी. धाकट्या मुलीच्या, टीनाच्या लग्नात मांडवातल्या सतरंज्या त्यांनी स्वतः अंथरल्या, विटांसारख्या, अर्धी सरकवून. वरपक्षाला वाटलं ही काहीतरी मुलीकडची रीत आहे. नवरदेवाच्या मामांनी सतरंजीच्या सांध्याला नमस्कार केला.

अशा माणसाला उघड्या मातीचा तळ कसा बघवणार?

"काय खराबी आहे मातीत?" वहिनी म्हणाल्या. "माह्या बाबाच्या बोडीले होती का गिट्टी?"

"तुह्या बाबाच्या बोडीत पाणी दिसत होतं का? चाय दिसत होती."

"बोडी पायाले असते, डोळ्याले नाही."

"अन् पाय फसला म्हणजे?"

"त काढाचा."

मी भिंतीवरून ऐकत होतो. भिंत साडेचार फुटांची आहे, माझी हनुवटी तिच्यावर नेमकी बसते. सकाळी मी फकिराभाऊंना म्हणायचो, "गिट्टीच पाहिजे भाऊ, पाणी कसं काचेसारखं दिसन." संध्याकाळी वहिनींना म्हणायचो, "वहिनी, चिखल सोडू नका, कमळ कशात लावसान?" दोघांनाही मी आपल्या बाजूचा वाटायचो आणि दोघांकडूनही चहा मिळायचा.

पण वहिनींचं खरं अडलं होतं ते कमळावर नाही. कमरछठवर.

आमच्या गल्लीत साकोलीचे आहेत, गोंदियाचे आहेत, दुर्ग शहरातले जुने आहेत, पण कमरछठ सगळ्या बायका इथल्या छत्तीसगढी पद्धतीनंच करतात. पोराबाळांच्या आयुष्यासाठी उपास. नांगर लागलेलं काही खायचं नाही, आपोआप उगवलेल्या पसहर तांदळाचा भात खायचा. आणि अंगणात खड्डा करून पाणी ओतायचं, त्याला सगरी म्हणायचं, काठाला काशीचं गवत, बोरीच्या डहाळ्या लावायच्या, आणि आमच्या गल्लीची रीत अशी की पाण्याच्या अगदी मधोमध पळसाची एक फांदी उभी करायची. ती फांदी उभी राहिली की पूजा सुरू. तेहतीस वर्षं ही सगरी समोरच्या कमलाबाई साहूंच्या अंगणात होत आली. कमलाबाई चांगल्या, पण दर वर्षी मथुरावहिनींना पाणी आणायचं काम देणार आणि वर म्हणणार, "तुँहर घर मा तो जगा नइये बहिनी." यंदा वहिनींनी गल्लीतल्या वीस बायकांना सांगून टाकलं होतं, सगरी माझ्या बोडीवर. एका दिवसाचा खड्डा नाही, खरीखुरी बोडी.

आणि गिट्टीवर पळसाची फांदी उभी राहत नाही.

"कुठं रोवू फांदी? तुमच्या डोक्यात?" वहिनींनी विचारलं.

फकिराभाऊ गंभीरपणे म्हणाले, "स्टँड बनवून देतो. खाली वजनदार प्लेट, मधात पाइप. वेल्डिंग करून. पन्नास वर्षं हलत नाही."

कमलाबाईंना मत विचारलं गेलं. त्यांनी कानाला हात लावला. "स्टँड मा? गमला मा घलो नइ चलय! धरती मा गड़ही, तभे सगरी." म्हणजे कुंडीतसुद्धा चालत नाही, जमिनीतच रोवायला हवी.

प्रकरण चिघळलं तेव्हा वहिनींनी गावाहून मोठ्या जाऊबाईंच्या नवऱ्याला, म्हणजे फकिराभाऊंच्या थोरल्या भावाला बोलावलं. बाबाराव दादा. यांच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले, अशी त्यांची ख्याती त्यांच्याच तोंडून मी ऐकली होती. दादा पिशवी न ठेवताच बाडीत आले. खड्ड्यात उतरले. चिमूटभर माती घेतली, बोटांत तिची गोळी केली, वास घेतला, मग गोळी पाण्याच्या लोट्यात टाकून ती फुटते का बघत उकिडवे बसले. आम्ही सगळे त्या गोळीकडे बघत. गोळी तशीच.

"पाणी टिकते," दादा म्हणाले. "गिट्टी कायले पाहिजे?"

"पाणी टिकाले नाही दादा. तळासाठी."

"तळाले काय झालं?"

"उघडा आहे ना."

"अरे बापा, तळ त उघडाच राहते! तळाले काय लाज असते? आपल्या आजानं तलाव बांधला, चार गावं पाणी पेली त्याचं. त्यानं तळाले चड्डी घातली नव्हती."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी हनुवटी भिंतीवरून खाली घेतली, हसण्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. फकिराभाऊंचे कान लाल झाले. तिथंच चूक झाली. दादा हसले नसते तर एखादे वेळी फकिराभाऊ मानले असते. पण आता प्रश्न गिट्टीचा राहिला नाही.

"दादा," ते हळूच म्हणाले, "तळ उघडा ठेवला त चालते, हे जर खरं असन, त मी तेहतीस वर्षं काय केलं?"

दादा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत गेले, जाताना भेंड्या घेऊन.

फकिराभाऊ नेहरू नगरात एका मासेवाल्या दुकानात गेले, म्हणजे खायच्या नव्हे, काचेच्या पेटीतल्या माशांच्या. तिथल्या माणसानं साफ सांगितलं, अंकल, गिट्टीच्या फटीत घाण बसते, दर महिन्याला उपसून धुवावी लागते. फकिराभाऊंना हे इतकं आवडलं की ते तिथंच खुर्चीवर बसले. "धुवू ना. रिटायर माणसाले दुसरं काम काय?" आणि सुपेल्याहून नदीच्या गुळगुळीत गोट्यांची छोटी गाडी भरून आली. मोठे, मधले, बारीक, तीन ढीग.

मग ते चार दिवस, ज्यांची समाधी झाली. बाडीत चपला घालून यायला बंदी. फकिराभाऊ डोक्याला गमछा बांधून खड्ड्याच्या मधोमध वहिनींच्या जेवणाच्या पाटावर बसायचे आणि आपल्याभोवती गोलाकार गोटे बसवत बाहेर बाहेर जायचे. पाट हलवायचा नाही, हात लांब करायचा. हात पुरेनासा झाला की गोट्यांवरून रांगत जाऊन बसवायचे आणि परत पाटावर येऊन टेकायचे. ढिला वाटला की गोटा उपटायचा, पालथा करायचा, परत ठोकायचा. एकदा अर्धा तास एकाच गोट्याशी बोलत होते. भिंतीपलीकडून माझ्या घरात नुसतं टक टक टक. माझी बायको नलू म्हणाली, "डोकं दुखून राहिलं. त्यांचं डोकं दुखत नाही का?" मी म्हटलं, त्याला अस्तर आहे.

सोमवारी काम पुरं झालं. मंगळवारी दुपारी नळाला पाइप लावून पाणी सोडलं. मला खरं सांगायला हरकत नाही, सुंदर दिसत होतं. गोटे असे चमकत होते की जणू कुणी तळाला बुंदीचे लाडू मांडलेत. फकिराभाऊ काठावर कमरेवर हात ठेवून उभे. पाणी बोटभर चढलं, चार बोटं चढलं, आणि मधोमध विसरून राहिलेला पाट हलला. तरंगत वर आला.

पाटाखाली भोक होतं.

नऊ इंचांचं, गोल, नीट कडा धरलेलं. एकही गोटा नाही, नुसती काळी माती. मी फकिराभाऊंकडे बघितलं. त्यांचं तोंड असं झालं होतं की मी पहिल्यांदा त्यांना चिडवायचं विसरलो.

त्याचं असं आहे की प्रत्येक लॅडलच्या तळाला एक भोक असतं. पोलाद वरून ओतत नाहीत, तळातल्या भोकातून खाली सोडतात. अस्तर लावणारा मिस्त्री आधी त्या भोकाची जागा धरतो आणि मग तिच्याभोवती विटा फिरवत बाहेर जातो. तेहतीस वर्षं हाताला एकच सवय. हातानं घरच्या बोडीलाही भोक ठेवलं, आणि मालक चार दिवस त्यावरच बसून राहिला.

फकिराभाऊंनी इकडेतिकडे बघितलं. पँट वर करून पाण्यात उतरले, भोकात गोटा टाकला. मातीनं तो गिळला. दुसरा टाकला. गपकन. पाच गोटे गेले, भोक तसंच. नीट बसवायचे तर पाणी उपसून आधी माती वाळू द्यायला हवी, आणि मग नळाच्या धारेनं बोडी भरायला चार दिवस, कमरछठ शनिवारी. ते घरात गेले, स्वैपाकघरातून कणीक मळायची परात घेऊन आले, ती भोकावर पालथी घातली आणि तिच्यावर गोटे रचले. मग त्यांना भिंतीवरची हनुवटी दिसली.

"माणिक," ते म्हणाले, "कोणाले सांगू नको. मिस्त्री लोक प्लांटात ऐकतीन त मले तोंड दाखवाले जागा राहणार नाही."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. आणि पाळला. त्या संध्याकाळी मी पानठेल्यावर गेलो नाही. बुधवारी गेलो, पण तोंडात सुपारी धरून बसलो. भिलाईत माझ्याजवळ पहिल्यांदाच अशी बातमी होती जिला संगमरवर लावायची गरज नव्हती, आणि ती सांगता येत नव्हती. मला बारीक ताप आला. नलूला तेवढं सांगितलं, पण बायकोला सांगितलेलं सांगण्यात धरत नाहीत.

गुरुवारी कमलाबाई बोडी बघायला आल्या. काडी घेऊन त्यांनी काठाजवळच्या गोट्यांत टोचून बघितली. काडी कलंडली. त्यांना बरं वाटलं हे मी शपथेवर सांगतो. "मथुरा बहिनी, येमा तो पलास ठाढ़ नइ होवय. चल ना, मोर अंगना मा कर लेबो, हर साल असन. तैं पानी ला देबे."

फकिराभाऊ मागच्या दारात उभे होते. दोन दिवसांपासून वहिनी रडवेल्या होत्या, जेवत नव्हत्या, त्यांच्याशी बोलत नव्हत्या. आता त्या हो म्हणणार, असंच सगळ्यांना वाटलं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नाही कमलाबाई. सगरी इथंच. शनिवारी या."

फकिराभाऊंचा गमछा हातातून पडला.

शनिवारी वीस बायका बाडीत. काशीचे पांढरे तुरे, बोरीच्या डहाळ्या, दिवे, मोहाची पानं. काठाबाहेरच्या मातीत बाकीचं सगळं मस्त रोवलं गेलं. राहिली पळसाची फांदी. पुरुषांचं तिथं काम नव्हतं, म्हणून फकिराभाऊ दारात होते आणि मी भिंतीवर.

कमलाबाई मानाच्या, फांदी त्यांच्या हातात. त्या साडी सावरून पाण्यात उतरल्या. एक ठिकाणी टेकवली, फांदी आडवी. दुसरीकडे टेकवली, आडवी. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, दगड खाली ठेवून बघा. दुसरी म्हणाली, दगडच तर झालाय सगळा. कमलाबाई मधोमध गेल्या आणि चिडून फांदी जोरात खाली हाणली.

टण्ण.

"ये का बाजत हे ओ?"

त्यांनी परत हाणली. टण्ण.

मथुरावहिनी काठावर हात जोडून बसल्या होत्या. तशाच बसून, दाराकडे न बघता म्हणाल्या, "आवाज त माह्या परातीचा वाटते. मंगळवारपासून सापडून नाही राहिली."

आणि थांबल्या. फकिराभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. त्यांना घरात जाता आलं असतं. खाली कुठलातरी लोखंडी तुकडा राहिला असेल म्हणता आलं असतं, वीस बायकांपैकी एकीलाही लॅडल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

त्यांनी पँट गुडघ्यावर गुंडाळली. बायकांमधून "जरा सरका जी" म्हणत पाण्यात उतरले. वाकून एकेक गोटा बाजूला केला, परात ओढून काढली आणि ती छातीशी धरून उभे राहिले. परातीतून पाणी गळत होतं.

"भोक राहून गेलं," ते म्हणाले. "लॅडलले असते तसं. हाताची सवय. मी मिस्त्री आहे, पण चुकलो. इथं माती आहे. रोवा."

कमलाबाईंनी फांदी तिथं दाबली. मातीनं ती कोपरभर आत घेतली. फांदी सरळ उभी, पाण्याच्या बरोब्बर मधोमध, आणि पाणी इतकं स्वच्छ की आतला बुंधासुद्धा दिसत होता. कमलाबाई ओल्या साडीनिशी काठावर आल्या. मग म्हणाल्या, "मोर अंगना मा अतका सुग्घर नइ होवय." आपल्या अंगणापेक्षा इथली सगरी देखणी, हे त्यांच्या तोंडून ऐकायला वहिनी तेहतीस वर्षं पाणी वाहत होत्या.

पूजा झाली, कथा झाल्या. शेवटी आया हळदीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पोरांच्या पाठीवर सहा वेळा मारतात, आयुष्य वाढतं म्हणून. वहिनींचा मुलगा राहुल पुण्यात. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइलच्या पाठीवर सहा वेळा फडकं मारलं. चौथ्या फटक्याला कॉल कटला, पण आशीर्वाद पोचला असं ठरलं.

संध्याकाळी पसहर भाताचा प्रसाद द्यायला दोघं भिंतीपाशी आली. फकिराभाऊ मोकळे दिसत होते. वहिनींना म्हणाले, "एक सांग. गुरुवारी तू कमलाबाईले नाही कावून म्हटलं? फांदी उभी राहत नाही हे त दिसत होतं."

"मले मालूम होतं ना, मधात भोक आहे."

"मालूम होतं? मंग सांगतलं कावून नाही?"

"तुम्ही सांगता का, ते पाहून राहिली होती."

"तुले कोणं सांगतलं?"

वहिनींनी नलूचं नाव घेतलं नाही. त्यांनी फक्त भिंतीवरच्या हनुवटीकडे बघितलं. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण मी पाच दिवस गप्प बसलो होतो, आणि माझ्यानं राहवेना. म्हटलं, "काय फकिराभाऊ! तेहतीस वर्षं प्लांटाचे तळ सांभाळले, अन् घरच्या बोडीले भोक?"

फकिराभाऊंनी प्रसादाची वाटी भिंतीवर ठेवली आणि म्हणाले, "माणिक, माह्या तळाले भोक राहिलं अन् तुह्या पोटाले, म्हणून आज हिची सगरी झाली. माह्यं भोक मी उद्या भरतो. तुह्याले कोणत्या साइजची गिट्टी लागन, ते सांगून ठेव."